करंज तेलापासून बायोडिझेल: घन आम्ल उत्प्रेरकाची दोन टप्प्यांची पद्धत, बेळगाव सीमाभागासाठी

करंजाचे तेल हाती आले की सर्वांत आधी त्याचा आम्लांक (तेलात सुटी आम्ले किती आहेत हे सांगणारा आकडा) मोजावा आणि तो मोजल्याशिवाय मिथेनॉलच्या कॅनचे झाकणही उघडू नये. हे मी पहिल्याच वाक्यात सांगतो, कारण माझा पहिला घाणा याच चुकीमुळे वाया गेला. खानापूर तालुक्यातल्या करंजबियांचे तेल होते, दिसायला स्वच्छ होते, आणि पुस्तकातल्या कृतीप्रमाणे त्यात मिथेनॉल व पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे मिश्रण ओतल्यावर तासाभरात भांड्यात खाली ग्लिसरीन आणि वर बायोडिझेल असे दोन थर दिसायला हवे होते. प्रत्यक्षात पिवळसर तपकिरी, दह्यासारखा घट्ट साबण तयार झाला. तेल वाईट नव्हते, पण त्यातली मुक्त मेदाम्ले, म्हणजे तेलाच्या रेणूतून सुटी झालेली आम्ले, सहा टक्क्यांच्या आसपास होती आणि त्या तेलासाठी ती कृतीच चुकीची होती.

सरकी, सूर्यफूल यांसारख्या शुद्ध केलेल्या खाद्यतेलात मुक्त मेदाम्ले नगण्य असतात, म्हणून तिथे अल्कली उत्प्रेरक सरळ चालतो. करंज, कडुलिंब, मोगली एरंड, उंडी ही अखाद्य तेले तशी नसतात. बी झाडाखाली पडून राहते, ओलावा धरते, बियांतली विकरे तेलाचे विघटन सुरू करतात आणि मेदाम्ले सुटी होतात. त्यांचे प्रमाण साधारण एक टक्क्याच्या वर गेले की अल्कली त्यांच्याशी संयोग पावून साबण बनवते. त्यात उत्प्रेरक खर्च होतो आणि तयार झालेला साबण बायोडिझेल व ग्लिसरीन यांना वेगळे होऊ देत नाही. यावरचा जुना उपाय म्हणजे आधी सल्फ्युरिक आम्ल घालून ती मेदाम्ले मिथेनॉलशी जोडून घेणे. तो उपाय चालतो, पण नंतर ते आम्ल तेलातच मिसळलेले राहते, धुवावे लागते, उदासीन करावे लागते, आणि आम्लयुक्त पाण्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या दारात उभा राहतो. घन आम्ल उत्प्रेरकात आम्लाचे गट एका घन पदार्थाच्या पृष्ठभागाला बांधलेले असतात. काम झाले की तो गाळून बाहेर काढता येतो आणि पुन्हा वापरता येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. घन आम्लाने एकाच टप्प्यात तेलाचे पूर्ण बायोडिझेल होते, असे अनेक लेखांत वाचायला मिळते, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते खोटे नाही. मात्र मिथेनॉलच्या उत्कलनबिंदूच्या आसपास, म्हणजे ६० ते ६५ अंशांवर, आम्ल उत्प्रेरकाने तेलाचे ट्रान्सएस्टरीकरण, म्हणजे तेल व मिथेनॉल यांपासून बायोडिझेल आणि ग्लिसरीन बनणे, अतिशय संथ होते. ते वेगाने व्हावे म्हणून १२० अंशांच्या वरचे तापमान आणि त्याबरोबर येणारा मिथेनॉलच्या वाफेचा दाब झेलणारे बंद भांडे लागते. असे भांडे गावातल्या शेडमध्ये चालवणे धोक्याचे आहे. मुक्त मेदाम्लांचे एस्टरीकरण, म्हणजे ती मिथेनॉलशी जोडली जाणे, मात्र ६० अंशांवरही काही तासांत पुरेसे पुढे जाते. म्हणून घन आम्लाकडून फक्त पहिला टप्पा करून घ्यावा आणि दुसरा टप्पा अल्कलीवर सोपवावा. या लेखातील सर्व कृती याच विभागणीवर आधारलेली आहे.

बी कोणते, कधी आणि कसे

आपल्या भागात सर्वांत सोयीचे बी करंजाचे आहे. कन्नडमध्ये याला होंगे म्हणतात, आणि हा शब्द लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे, कारण राज्याच्या जैवइंधन विषयक योजनांची कागदपत्रे कन्नडमध्ये असतात आणि चिकोडी-अथणीच्या बाजारात बीसुद्धा त्याच नावाने विचारले जाते. ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला आणि शेताच्या बांधावर करंज आपोआप वाढतो. पाच ते सात वर्षांत तो धरू लागतो, आणि पूर्ण वाढलेल्या झाडापासून वर्षाला ९ ते ९० किलो शेंगा मिळतात, इतका फरक झाडाझाडांत असतो.

शेंगा साधारण फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत गोळा करता येतात. पश्चिमेकडे, म्हणजे खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात, वळवाचा पाऊस येण्यापूर्वी शेंगा झाडावरून उतरवून घेणे फार महत्त्वाचे आहे. एकदा भिजलेल्या आणि ओल्या पाचोळ्यात आठ-दहा दिवस पडलेल्या शेंगांचे तेल काढले तर आम्लांक सहज दुप्पट होतो, आणि मग पहिल्या टप्प्यात जास्तीचे मिथेनॉल व जास्तीचा वेळ जाऊन ते नुकसान भरून काढावे लागते. अथणी, कागवाड या कोरड्या पूर्व भागात हा त्रास कमी असतो. तिथले बी मी नेहमी थोडा जास्त भाव देऊनही पसंत करतो. शेंगा उन्हात वाळवून फोडाव्यात, बी सावलीत आठ ते दहा टक्के ओलावा राहीपर्यंत वाळवावे आणि तागाच्या पोत्यांत, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावे. प्लॅस्टिकच्या गोणीत बी घामेजते.

बियांत २७ ते ३९ टक्के तेल असले तरी एक्सपेलरमधून हाती येणारे तेल २४ ते २७ टक्केच धरावे. म्हणजे १० लिटर तेलासाठी सुमारे ३४ ते ३८ किलो बी लागते. घाणेवाल्याला एक विनंती आवर्जून करावी: आपल्या बियांआधी शेंगदाणा काढला असेल तर घाणा स्वच्छ करून घ्यावा, आणि आपल्या नंतर खाद्यतेल काढायचे असेल तर त्याहूनही काळजीपूर्वक स्वच्छ करावा. करंज तेलात करंजिन व पोंगॅमॉल ही द्रव्ये असतात, ते कडू असते आणि खाण्यास अयोग्य असते.

उंडीचे बी कोकणातून, आंबोली किंवा चोर्ला घाटाने, आपल्याकडे आणता येते आणि त्याचे तेलही चांगले बायोडिझेल देते, पण त्यात मुक्त मेदाम्लांचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत असू शकते. नवख्याने सुरुवात उंडीने करू नये.

आम्लांक मोजणे

एक ग्रॅम तेल ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर अचूक तोलून शंकुपात्रात घ्यावे आणि त्यात २५ मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून कोमट करून विरघळवावे. फिनॉल्फ्थॅलीनचे चार-पाच थेंब टाकावेत आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडत, फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत मोजावे. तेल न घालता केवळ अल्कोहोलला किती द्रावण लागते तेही मोजून वजा करावे. एक ग्रॅम तेलासाठी लागलेल्या मिलिलिटरांना ५.६१ ने गुणले की आम्लांक मिळतो, आणि आम्लांकाला ढोबळमानाने दोनाने भागले की मुक्त मेदाम्लांची टक्केवारी मिळते. उदाहरणार्थ, २.१ मिलिलिटर द्रावण लागले तर आम्लांक सुमारे ११.८ आणि मेदाम्ले सुमारे ५.९ टक्के.

करंज तेल गडद तपकिरी असल्याने गुलाबी रंग दिसत नाही, अशी तक्रार प्रत्येक जण करतो. त्यावर उपाय म्हणजे अर्धाच ग्रॅम तेल घेऊन अल्कोहोल ५० मिलिलिटर करावे, मागे पांढरा कागद धरावा आणि मिळालेल्या मिलिलिटरांना ११.२२ ने गुणावे. शक्य असेल तर थायमॉल्फ्थॅलीन वापरावे, कारण त्याचा निळा रंग तपकिरीत अधिक स्पष्ट उमटतो. एकच चाचणी तीनदा करून सरासरी घेणे मला योग्य वाटते, कारण पुढचे सर्व हिशेब याच आकड्यावर उभे राहतात.

आम्लांक २ च्या खाली आला तर पहिल्या टप्प्याची गरजच नाही, थेट अल्कलीकडे वळावे. तो २ ते ४० च्या दरम्यान असेल तर खालील कृती लागू होते.

तेलाची पूर्वतयारी

हा टप्पा बरेच जण गाळतात आणि नंतर उत्प्रेरक निकामी झाला म्हणून हळहळतात. कच्च्या तेलात डिंकासारखे फॉस्फोलिपिड, पेंडीचे बारीक कण आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे क्षार असतात. घन आम्लाच्या पृष्ठभागावर जो हायड्रोजन आयन काम करतो, त्याची जागा हे धातूंचे आयन घेतात आणि ती जागा कायमची अडते. डिंक छिद्रे बुजवतो. म्हणून तेल आधी दोन दिवस स्थिर ठेवून वरचे निवळ काढावे आणि जाड सुती कापडातून गाळावे. ते ७० अंशांपर्यंत गरम करून वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के फॉस्फोरिक आम्ल घालावे, वीस मिनिटे ढवळावे, मग तीन टक्के कोमट पाणी घालून आणखी दहा मिनिटे हळू ढवळावे आणि रात्रभर राहू द्यावे. सकाळी खालचा गढूळ थर काढून टाकावा. नंतर तेल साध्या कोमट पाण्याने दोनदा धुवावे, म्हणजे फॉस्फोरिक आम्लाचा अंश राहणार नाही. विहिरीचे कठीण पाणी या कामाला वापरू नये, साठवलेले पावसाचे पाणी किंवा आरओचे पाणी घ्यावे.

शेवटी तेल उघड्या भांड्यात १०५ ते ११० अंशांवर, तडतड पूर्ण थांबेपर्यंत आणि त्यानंतरही दहा मिनिटे तापवावे. एस्टरीकरणात पाणी तयार होते आणि पाणी वाढले की अभिक्रिया उलटी फिरू पाहते. त्यामुळे सुरुवातीला भांड्यात असलेल्या प्रत्येक थेंबाचा भार पुढच्या टप्प्यावर पडतो. आम्लांक या धुतलेल्या, वाळवलेल्या तेलाचा पुन्हा एकदा मोजून लिहून ठेवावा.

उत्प्रेरकाची निवड

घन आम्ल उत्प्रेरकांचे प्रकार पुष्कळ आहेत, त्यांतल्या तिघांचा विचार आपल्याला पुरेसा आहे.

पहिला आहे सल्फोनिक गट असलेली आयन विनिमय रेझिन, म्हणजे आम्लाचे गट बांधलेले प्लॅस्टिकसारखे बारीक मणी. अॅम्बरलिस्ट १५ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण असून त्याच्या प्रत्येक ग्रॅम कोरड्या मण्यांमध्ये सुमारे ४.७ मिलिइक्विव्हॅलंट इतके आम्ल असते. थरमॅक्स आणि आयन एक्सचेंज या भारतीय कंपन्याही सल्फोनिक रेझिन बनवतात. विकत घेताना दोन शब्द नीट उच्चारावेत: हायड्रोजन रूप (म्हणजे आम्लाच्या रूपातली) आणि मॅक्रोपोरस (म्हणजे मोठ्या छिद्रांची). बेळगावात पाणी शुद्धीकरणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत जी सॉफ्टनरची रेझिन सहज मिळते ती सोडियम रूपातली आणि जेल प्रकारची असते. तिच्यात आम्लच नसते आणि तेलात तिचे मणी पुरेसे फुगत नाहीत, त्यामुळे आतल्या जागांपर्यंत मेदाम्ले पोहोचत नाहीत. स्वस्त मिळाली म्हणून ती आणू नये. सल्फोनिक रेझिन १२० अंशांच्या वर टिकत नाही, पण आपले काम ६० अंशांवर असल्याने ही मर्यादा आड येत नाही.

दुसरा पर्याय सल्फोनीकृत कार्बनचा आहे, आणि ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याला तो मनापासून आवडावा असा आहे. २००५ साली टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी साखर अर्धवट जाळून आणि त्या कोळशावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून बायोडिझेलसाठी घन आम्ल तयार करता येते, हे दाखवले. त्यानंतर साखरेच्या जागी उसाचे चिपाड, भाताचा तूस, नारळाच्या करवंट्या असे अनेक पदार्थ वापरले गेले. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक या तालुक्यांत कारखान्यांचे चिपाड काही कमी नाही. कृती थोडक्यात अशी: चिपाड धुऊन वाळवून दळावे, हवा लागणार नाही अशा बंद पात्रात सुमारे ४०० अंशांवर अर्धवट कोळसा करावा, एक ग्रॅम कोळशाला दहा मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल या प्रमाणात १५० अंशांवर दहा-पंधरा तास ठेवावे, थंड झाल्यावर ते मिश्रण हळूहळू भरपूर थंड पाण्यात ओतावे आणि गाळलेला कोळसा ८० अंशांच्या वर गरम केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याने धूत राहावे, धुवणाच्या पाण्यात बेरियम क्लोराइड टाकल्यावर पांढरा साका येणे थांबेपर्यंत. शेवटी तो ११० अंशांवर वाळवावा.

ही कृती मी लिहिली असली तरी ती शेतात किंवा घरामागे करू नये, असे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो. १५० अंशांवरचे संहत सल्फ्युरिक आम्ल आणि त्यातून सुटणारे सल्फर डायऑक्साइड हे धूरकोश असलेल्या प्रयोगशाळेचे काम आहे. आपल्या भागात अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालये आहेत, त्यांच्या रसायनशास्त्र विभागाकडे चिपाडाचे पोते घेऊन जावे. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी असा विषय हवाच असतो. या कार्बनचा एक दोष असा की त्याच्या कडांवरचे काही सल्फोनिक गट हळूहळू मिथेनॉलमध्ये सुटून जातात, म्हणून पहिल्या दोन-तीन वापरांत त्याची ताकद उतरते आणि मग तो स्थिरावतो.

तिसरा प्रकार सल्फेटयुक्त झिर्कोनियाचा. तो अतिशय तीव्र आम्ल आहे, पण महाग आहे, पाण्यात त्याचे सल्फेट सुटते आणि त्याला पुन्हा सक्रिय करायला ५०० अंशांच्या वरची भट्टी लागते. छोट्या केंद्राने त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझा सल्ला असा की सुरुवात रेझिनने करावी, हात बसल्यावर चिपाडाच्या कार्बनचा एक-दोन किलोचा घाणा महाविद्यालयाकडून करून घ्यावा आणि दोन्हींची तुलना आपल्याच तेलावर करावी.

पहिला टप्पा: मुक्त मेदाम्लांचे एस्टरीकरण

आता १० लिटर तेलाचा, म्हणजे सुमारे ९.२ किलोचा, हिशेब करू. आम्लांक १२ धरला आहे.

भांडे २० लिटरचे, स्टेनलेस स्टीलचे, बाहेरून गरम पाणी फिरवता येईल अशा आवरणाचे असावे. झाकणावर पाण्याने थंड होणारा उभा कंडेन्सर हवा, म्हणजे उडालेले मिथेनॉल परत भांड्यात ठिबकेल. गरम पाणी दुसऱ्या ठिकाणी तापवून पंपाने आणावे. भांड्याखाली गॅस, चूल किंवा उघडी कॉइल कदापि नको. ढवळण्याची मोटर ठिणगी न पडणाऱ्या प्रकारची असावी.

मिथेनॉल ६४.७ अंशांवर उकळते, त्याची वाफ पेट घेते आणि त्याची ज्वाला दिवसा उजेडी जवळजवळ दिसत नाही. ते थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, जास्त गेल्यास जीव जातो, आणि ते त्वचेतूनही शरीरात शिरते. काम उघड्या शेडमध्ये, हातमोजे व चष्मा घालून करावे, कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे आणि कॅनवर मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत ‘विष’ असे लिहावे, कारण आपल्या शेडमध्ये काम करणारा माणूस दोहोंपैकी कोणतीही एकच भाषा वाचणारा असू शकतो. मिथेनॉल खरेदी करण्यासाठी व साठवण्यासाठी परवाना लागतो. त्याची चौकशी तालुका कचेरीत आधीच करून घ्यावी. कुणाच्या पोटात ते गेल्याची शंका जरी आली, तरी त्रास दिसण्याची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना मिथेनॉलचे नाव स्पष्ट सांगावे.

उत्प्रेरक तेलाच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे सुमारे ४६० ग्रॅम कोरडी रेझिन घ्यावी. ओली रेझिन मिळाली असेल तर तिच्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते, तेव्हा ती आधी ९० अंशांवर रात्रभर वाळवावी. मग थोड्या मिथेनॉलमध्ये तासभर भिजवून ते मिथेनॉल निथळून टाकावे, त्यामुळे मण्यांत उरलेले पाणी बाहेर येते. मणी स्टीलच्या बारीक जाळीच्या पिशवीत भरताना पिशवी दोन तृतीयांशच भरावी, कारण मिथेनॉलमध्ये ते फुगतात आणि गच्च भरलेली पिशवी फाटते. मोकळे मणी ढवळणीच्या पात्याखाली ढवळले तर ते चिरडून त्यांचा चुरा होतो आणि तो चुरा गाळणीतून निसटतो. ज्यांना जमेल त्यांनी रेझिन उभ्या नळीत भरून तेल व मिथेनॉलचे मिश्रण छोट्या पंपाने तिच्यातून फिरवत ठेवावे. मला स्वतःला हीच रचना जास्त भरवशाची वाटते.

तेल ५५ अंशांवर आणून त्यात अडीच लिटर मिथेनॉल घालावे. हे प्रमाण तेलाच्या एका रेणूमागे मिथेनॉलचे सहा रेणू असे पडते. हिशेबाने मेदाम्लांना लागणारे मिथेनॉल याच्या कितीतरी कमी आहे, पण जास्तीचे मिथेनॉल अभिक्रियेला पुढे ढकलते आणि तयार झालेले पाणी स्वतःकडे खेचून घेते. मागच्या घाण्याचे एक लिटर बायोडिझेल शिल्लक असेल तर तेही यात घालावे, कारण तेल आणि मिथेनॉल एकमेकांत सहज मिसळत नाहीत आणि बायोडिझेल त्यांना जोडायला काही प्रमाणात मदत करते. मग तापमान ६० अंशांवर स्थिर ठेवून ढवळत राहावे.

दर तासाला दहा मिलिलिटर नमुना काढून, स्थिर होऊ देऊन, खालच्या तेलाच्या थरातील मिथेनॉल उकळत्या पाण्यात भांडे ठेवून उडवून आम्लांक मोजावा. सल्फ्युरिक आम्लाच्या जुन्या पद्धतीत हा आकडा फसवा असतो, कारण त्यात उत्प्रेरकाचे आम्लही मोजले जाते. इथे उत्प्रेरक जाळीतच असल्यामुळे जो आकडा येतो तो खरोखर मेदाम्लांचा असतो. पहिल्या दोन तासांत आम्लांक झपाट्याने उतरतो, पुढे मंदावतो. चार ते सहा तासांत तो २ च्या खाली गेला की काम झाले.

कधीकधी तो ३ किंवा ४ वर येऊन अडतो, आणि मग आणखी चार तास ढवळूनही हलत नाही. अशा वेळी उत्प्रेरक संपला असे समजू नये. पाणी साठल्यामुळे समतोल आला आहे, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो. ढवळणे थांबवावे, तासभर स्थिर ठेवावे. मिथेनॉल व पाण्याचा हलका थर वर येतो, तो काढून घ्यावा, एक लिटर कोरडे मिथेनॉल नव्याने घालून दोन तास पुन्हा चालवावे. आम्लांक २० च्या वर असलेल्या तेलासाठी हे दोन फेऱ्यांचे वेळापत्रक सुरुवातीपासूनच धरावे.

शेवटी वरचा मिथेनॉलचा थर वेगळा करून ठेवावा. मिथेनॉल आणि पाणी ऊर्ध्वपातनाने पूर्ण वेगळे करता येतात, त्यामुळे हे मिथेनॉल वाया जात नाही. खालचे तेल ७० ते ८० अंशांवर कंडेन्सर लावून निर्जल करून घ्यावे.

उत्प्रेरकाची निगा

पिशवी बाहेर काढून निथळावी, मिथेनॉलने दोनदा धुवावी आणि पुढचा घाणा आठवडाभरात असेल तर मिथेनॉलमध्येच बुडवून बंद डब्यात ठेवावी. प्रत्येक घाण्यात पहिल्या दोन तासांत आम्लांक किती उतरला याची वहीत नोंद ठेवावी. हाच आकडा उत्प्रेरकाची तब्येत सांगतो. तो सुरुवातीच्या निम्म्यावर आला की रेझिनचे पुनरुज्जीवन करावे: मिथेनॉलने तेल काढावे, पाण्याने धुवावे, पाच ते सात टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास ठेवावे, मग धुवणाचे पाणी उदासीन होईपर्यंत शुद्ध पाण्याने धुवावे आणि वाळवावे. धातूंच्या आयनांनी अडवलेल्या जागा याने मोकळ्या होतात. डिंकाने बुजलेली छिद्रे मात्र मोकळी होत नाहीत, आणि पूर्वतयारीवर मी इतका भर दिला त्याचे कारण हेच आहे.

उत्प्रेरक खरोखर घनच राहिला आहे की त्यातले आम्ल तेलात सुटते आहे, याची एक चाचणी करता येते. दोन तासांनी पिशवी गरम असतानाच बाहेर काढावी आणि उरलेले मिश्रण उत्प्रेरकाविना तसेच ६० अंशांवर ढवळत ठेवावे. आम्लांक उतरण्याचे जवळजवळ थांबले तर उत्प्रेरक ठीक आहे. तो पूर्वीच्याच वेगाने उतरत राहिला तर आम्ल विरघळले आहे, आणि पुढच्या टप्प्यात ते अल्कली खाणार आहे.

दुसरा टप्पा आणि पुढची कामे

इथून पुढची कृती परिचित असल्याने थोडक्यात सांगतो. तेलाच्या वजनाच्या एक टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइड म्हणजे ९२ ग्रॅम, आणि उरलेल्या आम्लांकासाठी (तो १.५ धरला तर) प्रतिकिलो दीड ग्रॅमप्रमाणे १४ ग्रॅम, असे १०६ ग्रॅम शुद्ध अल्कली लागते. बाजारातील माल साधारण ८५ टक्के शुद्ध असतो, म्हणून प्रत्यक्षात १२५ ग्रॅम घ्यावा. तो दोन लिटर कोरड्या मिथेनॉलमध्ये बंद भांड्यात विरघळवून ६० अंशांवरच्या तेलात ओतावा, तासभर ढवळावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे. रेझिनची पिशवी या वेळी भांड्यात चुकूनही राहू देऊ नये. अल्कली एका क्षणात तिचे सर्व आम्ल संपवील.

सकाळी खालचे गडद ग्लिसरीन काढावे, जे सुमारे एक किलो किंवा थोडे अधिक निघते. वरच्या बायोडिझेलमधील मिथेनॉल आधी काढून घ्यावे, मग ५० अंशांच्या पाण्याचा हलका शिडकावा करून तीनदा धुवावे. पहिल्या वेळी जोरात ढवळले तर पांढरे दुधी मिश्रण तयार होते आणि ते फुटायला दोन दिवस लागतात. शेवटी १०५ अंशांवर वाळवावे. दहा लिटर तेलामागे साडेआठ ते नऊ लिटर बायोडिझेल हाती आले तर काम उत्तम झाले, असे समजावे.

घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी आहे: २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर बायोडिझेल टाकून हलवावे आणि खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवावे. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळते, तेल विरघळत नाही. तळाशी तेलाचे थेंब बसले तर रूपांतर अपुरे आहे आणि दुसरा टप्पा कमी अल्कली व कमी मिथेनॉल घेऊन पुन्हा करावा. विकायचे असेल तर मात्र हे पुरेसे नाही. भारतीय मानक आयएस १५६०७ प्रमाणे एस्टरचे प्रमाण किमान ९६.५ टक्के, आम्लांक जास्तीत जास्त ०.५०, पाणी किलोमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि एकूण ग्लिसरीन ०.२५ टक्क्यांच्या आत असावे लागते. याची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच होते, आणि विक्रीसाठी स्वतंत्र परवानग्या लागतात. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर करू इच्छिणाऱ्या सहकारी संस्थांना वाव आहे. एकट्या शेतकऱ्याने मात्र आधी आपल्या पाण्याच्या इंजिनापुरते बनवावे.

इंजिनात सुरुवातीला वीस टक्के बायोडिझेल आणि ऐंशी टक्के डिझेल असे मिश्रण घालावे. बायोडिझेल टाकीतील जुना गाळ विरघळवते, म्हणून पहिल्या पन्नास तासांत फिल्टर एक-दोनदा बदलावा लागतो. साध्या रबरी नळ्या फुगतात, त्या आधीच बदलून घ्याव्यात. करंजाच्या तेलात बेहेनिक आम्लासारखी लांब साखळीची संपृक्त मेदाम्ले असल्याने डिसेंबर-जानेवारीतल्या बेळगावच्या थंडीत शुद्ध बायोडिझेल गढुळते व फिल्टर अडवते, वीस टक्क्यांच्या मिश्रणात हा त्रास फारसा होत नाही. साठवण स्टीलच्या भरलेल्या, बंद पिंपात करावी. तांबे व पितळ यांचा स्पर्श टाळावा आणि तीन महिन्यांपेक्षा जुना साठा ठेवू नये.

पेंड वाया घालवू नये. करंजाच्या पेंडीत सुमारे चार टक्के नत्र असते, उसाला आणि भाजीपाल्याला ती उत्तम लागते आणि वाळवीलाही आवर घालते. गुरांच्या दावणीत मात्र ती टाकू नये. ग्लिसरीनमधले मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने काढून घेतल्यावर त्यातील अल्कली फॉस्फोरिक आम्लाने उदासीन केली तर खाली बसणारा पोटॅशियम फॉस्फेटचा क्षार खत म्हणून शेतात वापरता येतो. धुवणाचे पाणी मार्कंडेय किंवा मलप्रभेला मिळणाऱ्या ओढ्यात सोडू नये. ते एका खड्ड्यात साठवून, उदासीन करून, वर तरंगणारा साबण काढून टाकून मगच जिरवावे, आणि हा खड्डा पिण्याच्या विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला खणावा.